पेशी मरेनाशी होते तेव्हा

वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरं

मागच्या अंकात लसिका ग्रंथींच्या गाठींवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: पेशीला मरण नाकारायला लावणारी जनुकं. म्हणून या महिन्यात थायरॉइड आणि युरिक अॅसिडची पत्रं बाजूला ठेवली आहेत. ती पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न: चवथीच्या सुमारास बाबांच्या मानेवर आणि काखेत गाठी दिसल्या. दुखत नव्हत्या, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. बायोप्सीचा रिपोर्ट आला, "फॉलिक्युलर लिम्फोमा", म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, आणि खाली "बीसीएल-२ पॉझिटिव्ह". डॉक्टर म्हणाले, या जनुकामुळे पेशी मरत नाहीत. पेशी मरत नसतील तर ते चांगलंच ना? आणि हे जनुक बाबांकडून आम्हा भावंडांत आलं असेल का? आता औषध सुरू करणार नाहीत, नुसतं लक्ष ठेवणार म्हणतात. मला भीती वाटते.
एक मुलगी, डिचोली

उत्तर: ताई, भावंडांचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. हा बदल तुमच्याकडे आलेला नाही. तो बाबांच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत, त्यांच्या जन्मानंतर केव्हातरी घडला आणि त्या पेशीच्या वंशापुरताच राहिला. बीजपेशींत तो नाही, त्यामुळे मुलांकडे जायला त्याला वाटच नाही. त्यासाठी तुम्ही भावंडांनी रक्त तपासायला धावू नका.

आता मरणाबद्दल. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण ५० ते ७० अब्ज पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, असा अंदाज दिला जातो. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, ते जुन्या पेशी गेल्याशिवाय कसं होईल? या मरणाला अपॉप्टोसिस म्हणतात. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टेअर करी या तीन पॅथॉलॉजिस्टांनी १९७२ साली त्याचं वेगळेपण मांडलं. भाजल्याने किंवा मार बसून पेशी मरते तेव्हा ती फुटते, आतलं सगळं आजूबाजूला सांडतं आणि तिथे सूज येते. अपॉप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते, तिचं केंद्रक घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात, आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. सूज नाही, व्रण नाही. हे सगळं पेशीच्या स्वतःच्या जनुकांच्या हुकमाने होतं. तो हुकूम अडवून धरणारी जनुकंही तिच्यातच असतात, आणि त्यांतलं सर्वांत आधी ओळखलं गेलेलं म्हणजे बीसीएल-२.

बाबांची स्लाइड मी पाहिलेली नाही. पण अशा ग्रंथी बघण्यातच माझं आयुष्य गेलं, म्हणून भिंगाखाली काय दिसलं असेल ते सांगते. दाढ किडल्याने किंवा पायाला जखम होऊन सुजलेली साधी ग्रंथी घ्या. तिच्यात गोल गोल केंद्रं असतात. तिथे बी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, जंतूविरुद्धचं आपलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) सुधारायला येतात. सुधारायची पद्धत मोठी धोक्याची आहे. प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम, कसेही बदल करायचे, आणि कुठला कामी येतो ते बघायचं. बहुतेक बदल वाया जातात. काही तर आपल्याच शरीरावर उलटण्यासारखे असतात. म्हणून या केंद्रात शिरताना बी-पेशी आपलं बीसीएल-२ बंद करते. संरक्षण उतरवून ठेवूनच ती आत जाते. जिचं प्रतिपिंड जंतूला घट्ट धरतं तिला जगण्याचा इशारा मिळतो, बाकीच्या तिथेच मरतात. केंद्रात जागोजागी मोठ्या, फिकट भक्षक पेशी दिसतात, त्यांच्या पोटात मेलेल्यांचे काळे कण असतात. इतकं मरण दिसलं की मला हायसं वाटतं. ग्रंथी आपलं काम करते आहे, रोग नाही.

अशा ग्रंथीवर बीसीएल-२चा स्टेन लावतात. जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. साध्या सुजलेल्या ग्रंथीत केंद्राभोवतीचं कडं तपकिरी होतं आणि केंद्र कोरं राहतं. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक वेळा केंद्रच भरून तपकिरी होतं, आणि त्या भक्षक पेशी जवळजवळ दिसेनाशा होतात. रिपोर्टातल्या "पॉझिटिव्ह"चा अर्थ एवढाच. निरोगी टी-पेशीही (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) या स्टेनला पॉझिटिव्ह असतात. रंग कुठे उमटला, यावर निदान ठरतं.

रंग भलत्या जागी का उमटतो, त्याचं कारण दोन गुणसूत्रांत आहे. बीसीएल-२ हे जनुक १८व्या गुणसूत्रावर असतं. प्रतिपिंडाच्या मोठ्या साखळीचं जनुक १४व्यावर असतं आणि बी-पेशीत ते कायम जागं असतं. अस्थिमज्जेत बी-पेशी घडते तेव्हा हे १४व्यावरचं जनुक कापून पुन्हा जोडावं लागतं. त्या कापाकापीत क्वचित भलतीच टोकं जोडली जातात आणि बीसीएल-२ या जाग्या जनुकाच्या शेजारी येऊन पडतं. पुढे ती पेशी केंद्रात जाते, तेव्हा बीसीएल-२ बंद करायचा हुकूम येतो, पण शेजारचं जनुक त्याला बंद होऊ देत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यावर फिलाडेल्फियात योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी हा सांधा उलगडला आणि त्यातूनच हे जनुक हाती आलं.

तेव्हा कर्करोगाचं जनुक म्हणजे पेशीला भराभर विभागायला लावणारं जनुक, असंच सगळे धरून चालत. १९८८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड व्हॉक्स या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने, सुझान कोरी आणि जेरी अॅडम्स यांच्याबरोबर, उंदरांच्या रक्तपेशींत बीसीएल-२ घातलं आणि मग त्या पेशी ज्या वाढ-घटकावर जगतात तो काढून घेतला. एरवी अशा पेशी मरून जातात. या मेल्या नाहीत, आणि वाढल्याही नाहीत. नुसत्या टिकून राहिल्या. कर्करोगाकडे बघण्याची माझ्या पिढीची दृष्टी या एका निकालाने बदलली. वाढीचं बटण न दाबताही जनुक कर्करोगाला मदत करू शकतं, केवळ मरण अडवून.

मग मरण नसणं वाईट कसं, असं तुम्ही विचारता. एकटी अशी पेशी फारसं बिघडवत नाही, हे खरंच आहे. १४ आणि १८ची ही अदलाबदल झालेल्या मोजक्या पेशी कितीतरी निरोगी प्रौढांच्या रक्तात सापडतात आणि त्यांतल्या बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही. धोका काळाचा आहे. जी पेशी काही दिवसांत जायला हवी होती ती वर्षानुवर्षं राहते, पुन्हा पुन्हा त्या केंद्रांत जाते, आणि तिच्यात नव्या चुका साचत जातात. त्यांत एमवायसीसारखं विभाजनाचं जनुक बिघडलं तर गोष्ट गंभीर होते. एमवायसी एकटं पेटलं की पेशीला विभागायलाही लावतं आणि मरायलाही ढकलतं. ही शरीराची मोठी राखण आहे. बीसीएल-२ सोबतीला असलं की मरणाचा भाग गळून पडतो आणि नुसतं विभाजन उरतं. दोन्ही जनुकं घातलेल्या उंदरांना फार लवकर कर्करोग झाला, हे १९९० साली त्याच मेलबर्नच्या संस्थेत दिसलं.

बाबांच्या गाठी न दुखता, हळूहळू वाढल्या त्या यामुळेच. पेशी भराभर विभागत नाहीत, साचत जातात. अशा आजारात त्रास नसेल तर औषध थांबवून लक्ष ठेवणं ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. डॉक्टर हयगय करताहेत असं मनात आणू नका. पण एखादी गाठ अचानक वाढली, कारण नसताना ताप येऊ लागला, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आला किंवा वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. जनुक म्हणजे डीएनएचा तुकडा. तो तुकडा मरण कसं काय अडवतो? आणि मरणाची जनुकं असतात हे मुळात कुणाला सुचलं?
एक विद्यार्थी, साखळी

उत्तर: सुचलं नाही, दिसलं. आणि दिसलं ते एका कृमीत. कुळागरातली मूठभर ओली माती घेतलीस तरी तिच्यात त्याच्या गोतातले कितीतरी सूत्रकृमी सापडतील. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक. सिडनी ब्रेनर यांनी तो प्रयोगांसाठी निवडला. जॉन सल्स्टन यांनी भिंगाला डोळा लावून अंड्यापासून पूर्ण कृमीपर्यंत एकेका पेशीचा वंश लिहून काढला. त्यात दिसलं की उभयलिंगी कृमीच्या शरीरात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. दर कृमीत त्याच १३१, त्याच जागी, त्याच वेळी. इतकं नेमकं मरण अपघाताने होत नाही. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी मग बिघडलेले कृमी शोधले. सेड-३ किंवा सेड-४ हे जनुक मोडलं की त्या १३१ पेशी जगतात. सेड-९ मोडलं की उलट घडतं, ज्या जगायला हव्यात त्याही मरतात आणि गर्भच टिकत नाही. म्हणजे मारणारी जनुकंही आहेत आणि वाचवणारीही. २००२ साली या तिघांना नोबेल मिळालं.

आणि आता जे सांगते ते वाचून थोडा वेळ थांब. १९९२ साली माणसाचं बीसीएल-२ या कृमीत घातलं, तर कृमीच्या पेशींचं मरण थांबलं. आपल्या आणि कृमीच्या वाटा वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी माणसाचं प्रथिन तिथे जाऊन काम करतं. दोन वर्षांनी सेड-९ची अक्षरं वाचली गेली, तेव्हा ते बीसीएल-२चंच भावंड निघालं.

आता तुझा "कसं काय". जनुक स्वतः काही अडवत नाही, त्याच्यावरून बनलेलं प्रथिन अडवतं. बीसीएल-२ प्रथिन मुख्यतः तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) बाहेरच्या पडद्यावर बसतं. या पडद्याला भोकं पाडू शकतील अशी दोन प्रथिनं पेशीत कायम असतात, बॅक्स आणि बॅक. बीसीएल-२च्या अंगावर एक खाच असते. मरणाचा निरोप घेऊन येणारी बिम, प्यूमा, नोक्सा अशी छोटी प्रथिनं या घराण्याच्या खाचांत अडकून पडतात. जागं होऊ पाहणारं बॅक्सही तिथेच धरून ठेवलं जातं. पेशीच्या डीएनएला मोठी इजा झाली की पी-५३ हे प्रथिन प्यूमा आणि नोक्सा वाढवायला लावतं. खाचा भरून गेल्या की बॅक्स आणि बॅक मोकळे होतात, पडदा फुटतो, आणि आतलं सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं.

सायटोक्रोम-सी तू श्वसनाच्या धड्यात वाचलं आहेस. इलेक्ट्रॉन पोचवून ऊर्जा तयार करायला मदत करणारं तेच हे. तंतुकणिकेच्या आत ते पेशीला जगवतं. बाहेर आलं की अपॅफ-१ या प्रथिनाशी जोडलं जाऊन सात आऱ्यांचं चक्र तयार होतं, त्यावर कॅस्पेज-९ हे प्रथिनं कापणारं प्रथिन जागं होतं, ते कॅस्पेज-३ला जागं करतं, आणि मग पेशीतली शेकडो प्रथिनं कापली जातात. १९९६ साली शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने सायटोक्रोम-सीची ही दुसरी बाजू दाखवली, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. कॅस्पेज जागं झाल्यावरही अडवणारी एक वेगळी फळी आहे, एक्सआयएपी आणि तिची भावंडं. ते घराणं तर आधी अळ्यांना होणाऱ्या बॅक्युलोव्हायरसमध्ये सापडलं. पेशी लवकर मेली तर विषाणूची वाढ अर्धवट राहते, म्हणून तो मरण अडवणारी जनुकं स्वतःबरोबर बाळगतो. माणसाला होणाऱ्या एप्स्टीन-बार विषाणूकडे तर बीसीएल-२सारखंच जनुक आहे.

परीक्षेत हे सगळं विचारणार नाहीत. तरी तुला सांगते, उंदरातून बीसीएल-२ पूर्ण काढलं तर काय होतं ते १९९३ साली बघितलं गेलं. पिल्लं जन्मली, पण पुढे त्यांच्या लिम्फोसाइट पेशी मरून गेल्या, मूत्रपिंडं बिघडली, आणि अंगावरचे केस पांढरे झाले, कारण केसांना रंग देणाऱ्या पेशी याच जनुकावर जगत होत्या. त्याचं भावंड बीसीएल-एक्स काढलं तर गर्भातच मेंदूच्या आणि रक्ताच्या पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि पिल्लू जन्मालाच येत नाही. मेंदूची पेशी ऐंशी-नव्वद वर्षं टिकते ती अशा जनुकांच्या राखणीमुळे. त्यांना "कर्करोगाची जनुकं" एवढंच नाव देणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न: आईला सीएलएल (रक्ताचा एक कर्करोग) आहे. वेनेटोक्लॅक्स ही गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्याला २० मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला वाढवत ४००. एवढा महागडा उपचार, मग पूर्ण डोस पहिल्या दिवसापासून का नाही? सारखं रक्त काढतात, पाणी पी पी म्हणतात. कागदावर करमलं खाऊ नका असंही लिहिलंय. आईला जेवताना करमलांचं लोणचं लागतं. आणि गोळी कायमची का?
एक मुलगा, मडगाव

उत्तर: गोळी हळू वाढवतात कारण ती फार चांगलं काम करते. वरच्या उत्तरात बीसीएल-२च्या अंगावरच्या खाचेबद्दल लिहिलंय. ही गोळी बरोब्बर त्या खाचेत बसायला घडवली आहे. ती बसली की आत अडकलेलं बिम सुटतं आणि पेशी मरते, आणि सीएलएलच्या पेशी तर मरणाच्या उंबरठ्यावर केवळ बीसीएल-२च्या आधाराने उभ्या असतात. पूर्ण डोस एकदम दिला तर एवढ्या पेशी काही तासांत मरू शकतात की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अॅसिड रक्तात लोटतं. मूत्रपिंडं थकतात, हृदयाचा ठोका बिघडतो. सुरुवातीच्या चाचण्यांत यामुळे रुग्ण दगावलेही आहेत. २०, ५०, १००, २००, ४०० हा चढता क्रम, पाणी आणि रक्ताच्या तपासण्या त्या अनुभवातून आल्या आहेत. यांतलं काहीही चुकवू नका. "आज बरं वाटतंय, रक्त उद्या देऊ" हे तर अजिबात नको.

करमल हे पाच कंगोऱ्यांचं आपलं आंबट फळ यकृतातल्या सीवायपी-३ए या विकराला (एन्झाइमला) अडवतं. हेच विकर गोळी मोडून टाकत असतं. ते अडलं की गोळी रक्तात साचते आणि २० मिलिग्रॅमचा परिणाम मोठ्या डोसासारखा होऊ शकतो. लोणचं तेवढे दिवस कैरीचं द्या. ग्रेपफ्रूटही नको. आणि कुणीही नवं औषध लिहून दिलं, साधं बुरशीचं किंवा अँटिबायोटिक असलं तरी, आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांतली काही याच विकराला अडवतात.

आता या गोळीच्या मागची गोष्ट, कारण ती मला फार प्रिय आहे. तिच्या आधीची एक गोळी, नॅव्हिटोक्लॅक्स, बीसीएल-२ बरोबर बीसीएल-एक्सएललाही (वर सांगितलेल्या बीसीएल-एक्स जनुकाच्या प्रथिनालाही) धरायची. कर्करोगाच्या पेशी मरायच्या, पण प्लेटलेटही झपाट्याने उतरायच्या. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे प्लेटलेटचा आकडा घराघरात तोंडपाठ असतो, पण ती आठ-दहा दिवसच का जगते हे सहसा कुणी सांगत नाही. प्लेटलेटला केंद्रक नसतं. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेली बीसीएल-एक्सएलची पुंजी दिवसागणिक संपत जाते, आणि ती पुरेशी उरली नाही की बॅक आपलं काम करतं. तिचं आयुष्य या दोघांच्या हिशेबाने ठरतं. नॅव्हिटोक्लॅक्स ती पुंजी आधीच निकामी करायची. म्हणून रसायनतज्ज्ञांनी रेणू पुन्हा घडवला, फक्त बीसीएल-२च्या खाचेत बसेल असा. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत सीएलएलच्या एका गटासाठी वेनेटोक्लॅक्सला परवानगी मिळाली. जनुक सापडल्यापासून औषध हातात येईपर्यंत तीस वर्षं गेली.

कायमची का, याचं उत्तर सोबत काय दिलं आहे त्यावर आहे. ओबिनुटुझुमॅब या दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिली तर साधारण वर्षभराचा ठरलेला काळ असतो, इतर पद्धतींत जास्त. थांबवायचं ते डॉक्टरांनीच. वर्षानुवर्षं चालू ठेवली तर काही रुग्णांत कर्करोगाच्या पेशी वाट काढतात. कधी बीसीएल-२च्या खाचेतच एक अक्षर बदलतं आणि गोळी नीट बसत नाही. असा एक बदल मेलबर्नच्याच संशोधकांनी २०१९ साली दाखवला. कधी पेशी एमसीएल-१ या दुसऱ्या भावंडाचा आधार घेतात. मग एमसीएल-१लाच का अडवू नये? तसे रेणू बनले आहेत, पण हृदयाच्या पेशी एमसीएल-१वर जगतात आणि काही चाचण्यांत हृदयाला इजेची चिन्हं दिसली. तिथे काम फार जपून चाललं आहे.

डिचोलीच्या ताईंच्या मनात येईल, मग बाबांना हीच गोळी का नाही? फॉलिक्युलर लिम्फोमात बीसीएल-२ ठासून असतं, तरी तिथे एकट्या या गोळीने त्या मानाने कमी रुग्णांना गुण आला. त्या पेशी एकाच आधारावर उभ्या नसतात. बाबांच्या आजाराला वेगळी, चांगली औषधं आहेत.

प्रश्न: शेजारी सांगतात, लक्ष्मणफळाची पानं उकळून प्यायली की कर्करोगाच्या पेशी आपोआप मरतात, केमोची गरज नाही. मोबाइलवर तसा "अपॉप्टोसिस होतो" असा व्हिडिओही आलाय. भावाला देऊ का?
एक बहीण, पेडणे

उत्तर: देऊ नका. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर लक्ष्मणफळाचा अर्क ओतला की त्या अपॉप्टोसिसने मरतात, हे खरं आहे. बशीतल्या पेशी हळदीनेही मरतात आणि साध्या मिठाच्या तीव्र द्रावणानेही. रोगी पेशी मारायची आणि तिच्या शेजारची मेंदूची, हृदयाची, रक्ताची पेशी जिवंत ठेवायची, सगळी अडचण तिथे आहे, आणि बशीत ती दिसत नाही. लक्ष्मणफळात अॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते तंतुकणिकेचंच काम बंद पाडतं आणि प्रयोगात चेतापेशींना मारतं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या एका आजाराचा या फळाच्या आणि पानांच्या नित्य सेवनाशी संबंध दिसला आहे. कधीमधी पिकलं फळ खाल्लं तर घाबरू नका. पानांचा काढा रोज मात्र नको, आणि केमोच्या बदल्यात तर नकोच नको. भावाची केमोची तारीख चुकवू नका, एवढं माझं हात जोडून सांगणं आहे.

प्रश्न: आमची चोडणला खाजन (खाडीकाठची) शेती. भाताचं रोप उपटून मूळ मोडून पाहिलं तर आत पोकळ, जाळीसारखं दिसतं. मुलगी म्हणते, त्या पेशी मुद्दाम मरतात, शाळेत शिकवलं. झाडांनाही ही जनुकं असतात? की ही कीड आहे आणि औषध मारावं?
एक शेतकरी, चोडण

उत्तर: मुलगी बरोबर आहे. पाण्याखालच्या चिखलात मुळाला हवा मिळत नाही. भाताच्या मुळाच्या सालीतल्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि त्यांच्या जागी हवेच्या नळ्या तयार होतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून मुळाच्या टोकापर्यंत जाते. मधली वाहिन्यांची दोरी आणि बाहेरचे थर मात्र जिवंत राहतात. पाणी साचलं की इथिलीन हा वायू मुळात अडकून राहतो आणि या मरणाला जोर येतो.

झाडांत बीसीएल-२ नसतं, त्यांची मरणाची यंत्रणा वेगळी. तरी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००१ साली अमेरिकेत मार्टिन डिकमन यांच्या गटाने तंबाखूच्या झाडात माणसाचं बीसीएल-२ आणि कृमीचं सेड-९ घातलं. काही बुरशा आधी पेशी मारतात आणि मग मेलेल्यावर जगतात. या झाडांच्या पेशी मरेनात, म्हणून त्या बुरशांना पाय रोवता आला नाही. हे संशोधनापुरतं आहे, तसं बियाणं तुम्हाला बाजारात मिळणार नाही.

तुमच्या रोपांचं सांगायचं तर मूळ टणक असेल, पांढरं किंवा तांबूस असेल, तर पोकळी निरोगी समजा. तांबूस रंग लोहाचा. मुळातून बाहेर झिरपणाऱ्या हवेने चिखलातलं लोह तिथे गंजून बसतं. औषध मारू नका. मुळं काळी, लिबलिबीत झाली असतील आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाणी कोंडलं आहे. भरती-ओहोटी बघून मानशीतून (बांधाच्या पाण्याच्या दारातून) ते काढून द्या, आणि दोन-चार रोपं चिखलासकट पिशवीत घालून विभागीय कृषी कार्यालयात दाखवा.